वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या टाकीतील नळ्या आणि त्यांतला थर

प्रश्न : आमच्याकडे सुमारे ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून खालच्या कपाटात तिचा संप, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी टाकी, आहे. टाकीत दोन क्लाउनफिश, काही डॅमसेल आणि थोडे मऊ प्रवाळ आहेत. थंडीत चिलरची गरज पडत नाही, म्हणून त्याच्या नळीचे दोन्ही व्हॉल्व्ह नोव्हेंबरपासून बंद ठेवले होते. मार्चमध्ये ते उघडताच टाकीत काळपट पाणी आणि पापुद्रे आले, कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. सुदैवाने मासे वाचले. एरवीही परतीच्या, म्हणजे संपमधले पाणी टाकीत परत आणणाऱ्या, नळीतून येणारा प्रवाह पूर्वीपेक्षा बराच मंदावला आहे. सगळ्या नळ्या एकदम ब्लीचने धुऊन काढाव्यात, असा सल्ला आम्हाला दुकानातून मिळाला. तसे करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळ्या नळ्या एकदम ब्लीचने धुऊ नका. आपण दोन तक्रारी लिहिल्या आहेत. त्यांची कारणे निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे आहेत.

आधी चिलरच्या नळीविषयी. पाणी वाहणाऱ्या कोणत्याही नळीच्या आतल्या बाजूला काही तासांतच जिवाणू चिकटू लागतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडून थर धरतात. स्वयंपाकघरातील सिंकच्या जाळीखाली हाताला लागतो, तसाच हा बुळबुळीत थर असतो. पाणी वाहते असेपर्यंत त्याचा त्रास नाही, उलट थोडा उपयोगच आहे, कारण माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यातही राहतात. या थराला माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि शेवाळाचे तुकडे चिकटत जातात, आणि व्हॉल्व्ह बंद केल्यावर हे सारे नळीतल्या थोड्याशा पाण्यासह आत कोंडले जाते. कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू लवकरच संपवतात. मुळात खाऱ्या पाण्यात तो कमीच असतो. २७ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास.

प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढू लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, म्हणजे त्यांना त्याची कमतरता नसते. सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. आपल्याला आलेला कुजक्या अंड्यांचा वास याच वायूचा होता, आणि पाण्याचा काळपट रंग लोहाशी संयोग होऊन बनलेल्या सल्फाइडचा असावा. हा वायू फार थोड्या प्रमाणातही माशांच्या श्वसनावर घाला घालतो. आपले मासे वाचले याचे एक कारण असे की, हवा खेळती असलेल्या पाण्यात हा वायू काही प्रमाणात उडून जातो आणि उरलेल्याचे ऑक्सिडीकरण होते. असा प्रसंग पुन्हा आला तर व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करावा, एअर पंप लावावा, टाकीतील पाचवा हिस्सा पाणी बदलावे आणि संपमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा.

मुळात असा प्रसंग येऊच नये यासाठी चिलर वापरात नसतानाही त्याच्यातून पाणी फिरते ठेवावे; यंत्र थंडावा देत नसले तरी बिघडत नाही. ते शक्य नसेल तर व्हॉल्व्ह बंद करतानाच नळी युनियनपाशी (हाताने फिरवून सुटणाऱ्या जोडापाशी) खोलून पूर्ण रिकामी करावी, गोड्या पाण्याने धुवावी आणि कोरडी ठेवावी. पुन्हा जोडण्यापूर्वी बादलीतले पाणी त्यातून फिरवावे आणि ते मोरीत ओतावे, टाकीत मुळीच जाऊ देऊ नये. वीज बराच वेळ जाऊन परत येते तेव्हा कॅनिस्टर फिल्टरमध्येही (टाकीबाहेर ठेवलेल्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) नेमके हेच घडत असते; वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली असेल, तर आधी कॅनिस्टर उघडून त्यातले पाणी फेकावे आणि मगच पंप सुरू करावा.

आता मंदावलेला प्रवाह. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी केवळ २ मिलिमीटर थर चढला, तरी पाण्याच्या वाटेचे क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी घटते, आणि तेवढेच पाणी ढकलण्यासाठी पंपाला जवळपास अडीचपट विरोध सोसावा लागतो. त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसणारी टाकी आतून हळूहळू गुदमरत असते. गाळ बहुधा आडव्या नळीत आणि काटकोनातल्या एल्बोमध्ये साठतो. प्रकाश न पोहोचणाऱ्या नळीत शेवाळ वाढत नाही, पण लहान स्पंज आणि नळी बांधणारे कृमी तेथे आनंदाने राहतात. पाणी थांबल्यावर ते मरून कुजतात, तेव्हा अमोनियाची भर पडते. शिवाय पंपाच्या गरम भागावर कॅल्शियम कार्बोनेटची खरखरीत पुटे चढतात आणि इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पाते, जड फिरू लागतो. माझ्या मते आपण तपासणीची सुरुवात पंपापासूनच करावी.

पंप खोलून त्याचे भाग किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणाऱ्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात, लिटरला १५ ते २० ग्रॅम या प्रमाणात, तासभर बुडवून ठेवावेत आणि मऊ ब्रशने घासावेत. पांढरे व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळूनही हे काम होते. मात्र ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. नळ्या लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासाव्यात. उकळते पाणी वापरू नये: त्याने पीव्हीसी मऊ पडते, आणि नळीत किंवा टाकीच्या ओव्हरफ्लोमध्ये (जादा पाणी खाली संपमध्ये सोडणाऱ्या कप्प्यात) झोअँथिड जातीचे प्रवाळ वाढले असतील, तर त्यांच्यातील विष वाफेबरोबर श्वासात जाऊन गंभीर विषबाधा होऊ शकते. हातावर ओरखडा असेल तर रबरी हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरीनम या जिवाणूमुळे त्वचेवर दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठी येतात.

एका वेळी एकच नळी स्वच्छ करावी आणि पुढच्या नळीला दोन-तीन आठवड्यांनी हात लावावा. लाइव्ह रॉक (जिवाणू आणि इतर सूक्ष्म जीव वसलेले सागरी खडक) भरपूर असेल, तर उपयुक्त जिवाणूंचा मोठा साठा त्यावरच असतो आणि नळ्या धुतल्याने फारसे नुकसान होत नाही. खडक कमी असतील तर मात्र ही सबुरी अत्यावश्यक आहे.

सायफन तोडण्यासाठी परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत जे बारीक भोक पाडलेले असते, ते दर आठवड्याला टूथपिकने मोकळे करावे. शेवाळाने ते बुजले की वीज जाताच टाकीतले पाणी उलटे खाली ओढले जाते, आणि संप भरून वाहू लागतो. एकमार्गी झडपेवर विसंबू नये. तिच्या बिजागरीतही हाच थर बसतो आणि ती पुरती मिटत नाही.

प्रश्न : आम्ही टाकीसाठी समुद्राचेच पाणी आणतो. नळ्यांच्या आत पांढरी, वळणदार, टणक कवचे चिकटलेली दिसतात. ती कशाची?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती बहुधा नळी बांधून राहणाऱ्या सागरी कृमींची घरे आहेत. त्यांची आणि बार्नॅकल या खडकांना चिकटणाऱ्या कवचधारी जीवांची सूक्ष्म पिल्ले समुद्राच्या पाण्याबरोबर येतात आणि वाहत्या पाण्याची जागा पाहून चिकटतात. समुद्राच्या पाण्यावर यंत्रे थंड करणाऱ्या किनारी वीजकेंद्रांनाही याच कारणासाठी आत घेतलेल्या पाण्यात क्लोरीन सोडावा लागतो. आपण मात्र तसे न करता पाणी बंद पिंपात, अंधारात, दोन आठवडे स्थिर ठेवावे; गाळ आणि मेलेले प्लवक तळाशी बसले की वरचे पाणी काढून, बारीक कापडातून गाळून, त्यात एक दिवस हवा सोडावी. खाडीच्या मुखाजवळचे आणि पावसाळ्यातले पाणी शक्यतो घेऊच नये, कारण त्यात गाळ जास्त आणि क्षार कमी असतात. पाण्याची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा येत असेल तरच ते वापरावे.

प्रश्न : प्लंबर पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवायचे म्हणतात, ते जास्त टिकतात असे त्यांचे म्हणणे आहे. चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. पितळेत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटते, आणि कोळंबी, शंख, प्रवाळ यांना अगदी थोडे तांबेही मारक ठरते. पूर्ण पीव्हीसीचे, दोन्ही बाजूंना युनियन असलेले व्हॉल्व्ह घ्यावेत. ते हाताने खोलून धुता येतात. जेथे काटकोन हवा आहे तेथे एका ९० अंशांच्या एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बसवायला सांगावे, म्हणजे वळणावर गाळ कमी साठेल.