डबा चांगलाय, पण शेअर?

प्रश्न: नमस्कार. मी ऑफिसं, हॉटेलं वगैरेंमध्ये वाय-फाय बसवून देण्याची कामं घेतो. गेली सात-आठ वर्षं युबिक्विटी या अमेरिकी कंपनीचेच ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारे डबे, लावतोय आणि खरं सांगतो, एकदा छताला लावला की परत त्या शिडीवर चढायची वेळ येत नाही. सगळ्यात आधी लावलेले अजून चालू आहेत. लायसन्सची कटकट नाही, सॉफ्टवेअर फुकट. आता वाय-फाय 7 आलंय म्हणजे लोक जुने काढून नवीन लावणारच, म्हणून बचतीतला बऱ्यापैकी मोठा भाग या एकाच शेअरमध्ये टाकायचा विचार आहे. माल मी ओळखतो, मग का नको?

उत्तर: पत्र वाचून मजा आली, कारण शेअर घ्यायची म्हणून जी कारणं तुम्ही दिलीयत ना, त्यातली दोन उलट बाजूने वाचावी लागतात. डबा सात वर्षं बिघडत नाही आणि लायसन्स नाही. गिऱ्हाईक म्हणून झकासच. पण भागधारक होऊन बघा, त्या छतावरच्या डब्याने कंपनीला विकला गेला तेव्हा एकदा पैसे दिले, आणि नंतरच्या सात वर्षांत? जवळजवळ काहीच नाही. याच्या उलट नेटवर्कच्याच धंद्यातल्या सिस्कोचं मेराकी घ्या, 2012 मध्ये सिस्कोने ती कंपनी 1.2 अब्ज डॉलरला विकत घेतली. तिथे लायसन्स संपलं आणि वरचे सवलतीचे दिवसही उलटले की नेटवर्क बंद पडतं. तुमच्यासारखा माणूस शिव्या घालतो, पण कंपनीकडे ठरल्या वेळी पैसे येत राहतात. तुम्ही ज्याला कटकट म्हणता त्याला ताळेबंदात डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात, म्हणजे पैसे हातात आलेत आणि उत्पन्न म्हणून अजून दाखवायचेत. असला आकडा फुगत असेल तर भागधारकाला बरी झोप लागते.

म्हणून युबिक्विटी वाईट का, तर अजिबात नाही. ॲपलमध्ये इंजिनिअर असलेल्या रॉबर्ट पेरांनी काढलेली कंपनी, 2011 मध्ये शेअर बाजारात आली, आणि तिची खरी करामत चिपमध्ये नाहीच. चिप क्वालकॉम, ब्रॉडकॉम, मीडियाटेक अशा मोजक्या लोकांकडून या धंद्यातले बहुतेक सगळेच घेतात. करामत आहे ती खर्चात. या कंपनीचा विक्री आणि प्रशासनावरचा खर्च संशोधनावरच्या खर्चापेक्षा कमी असतो, या धंद्यात हे सहसा उलटं असतं. कारण त्यांचे सेल्समन तुम्हीच आहात, तेही बिनपगारी! तुमच्यासारखे बसवणारे लोक एकमेकांना सांगतात आणि माल खपतो.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगतो. कंपनी विक्री कधी धरते? तुम्ही शिडीवर चढता तेव्हा नाही, बहुतेक वेळा माल डिस्ट्रिब्युटरकडे गेला की झाली विक्री. मधे तो माल गोडाऊनमध्ये सहा महिने पडून असेल तरी विक्रीचा आकडा छानच दिसतो. 2021 मध्ये चिपचा तुटवडा होता तेव्हा आठवा, माल मिळेना म्हणून लोकांनी एकच ऑर्डर दोन-तीन जणांकडे टाकून ठेवली होती, कदाचित तुम्हीही. तुटवडा संपला आणि सगळा माल एकदम आला. कॅम्बियम नेटवर्क्सचं काय झालं बघा. मोटोरोलातून बाहेर पडलेली, वायरलेसचाच धंदा असलेली कंपनी, 2019 मध्ये 12 डॉलरला शेअर आणला, 2021 मध्ये तो साठच्या वर गेला. 2022 ची विक्री सुमारे 29.7 कोटी डॉलर, 2023 ची 22 कोटी, आणि 2024 संपेपर्यंत शेअर दोन डॉलरच्याही खाली. डबे एका वर्षात वाईट झाले नव्हते हो, डिस्ट्रिब्युटरांकडे आधीचाच माल साचला होता त्यामुळे नवीन ऑर्डर आटल्या. सिस्कोसारख्या दादा कंपनीलाही 2001 मध्ये साठलेल्या मालापोटी दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा लिहावा लागला होता.

तर तिमाहीचा रिपोर्ट उघडलात की आधी नफा बघू नका, इन्व्हेंटरी म्हणजे न विकलेला साठा बघा. विकलेल्या मालाची तीन महिन्यांची किंमत 100 आणि साठा पण 100, म्हणजे नव्वद दिवसांचा माल पडून आहे. साठा 200 झाला आणि विक्री तेवढीच, तर कंपनी कितीही म्हणो की आम्ही पुढच्या मागणीची तयारी करतोय, आपण थांबायचं. डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमधलं मात्र या हिशोबात येत नाही. आणि इथे तुम्ही माझ्या दोन पावलं पुढे आहात! तुमच्या डिस्ट्रिब्युटरला सहज विचारा, अमुक मॉडेल किती आठवड्यांचं पडलंय, आणि काल मिळत नसलेल्या मालावर आज अचानक डिस्काउंट का. हे विश्लेषकांना फोन फिरवून विचारावं लागतं, तुम्हाला चहा पिताना कळतं.

अजून एक. पेरांकडे 90 टक्क्यांच्या वर शेअर आहेत. मालकाचा स्वतःचा पैसा अडकलेला असणं चांगलंच, पण बाजारात फिरतात ते जेमतेम उरलेले, त्यामुळे थोड्याशा खरेदी-विक्रीनेही भाव जोरात हलतो. आणि वाय-फायच्याच धंद्यातली आरुबा एचपीने 2015 मध्ये घेतली, रकस ब्रोकेडने 2016 मध्ये, तसं कोणीतरी चढ्या भावाने विकत घेईल ही आशा इथे एका माणसाच्या मर्जीवर आहे. 2015 मध्ये याच कंपनीला खोट्या ईमेलने फसवून 4.67 कोटी डॉलर बाहेर पाठवायला लावले होते, पैकी काही परत मिळाले. जुनी गोष्ट आहे, पण मोजकी माणसं असलेल्या कंपनीत हिशोबावर दुसरी नजर कोणाची, हे विचारावंसं वाटतंच.

वाय-फाय 7 चं म्हणाल तर प्रमाणपत्रं 2024 च्या जानेवारीपासून मिळतायत, पण त्याचा रुंद 320 मेगाहर्ट्झचा चॅनल, म्हणजे डेटा जायची वाट, रेडिओ लहरींच्या 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच मिळतो. अमेरिकेने 2020 मध्ये तिथे वाय-फायसारख्या वापराला 1200 मेगाहर्ट्झ खुले केले, युरोपने त्याच्या निम्म्याहूनही कमी. पट्टा खुला नसेल तिथे सात वर्षं चाललेला डबा काढायला गिऱ्हाईक इतक्यात तयार होणार नाही, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

मोठा भाग टाकू नका. तुमची कमाई याच धंद्यातून येते, नेटवर्कची कामं मंदावली तर कामही कमी आणि शेअरही खाली, दोन्ही एकाच महिन्यात. घ्यायचाच असेल तर थोडे घ्या, आणि एक-दोन तिमाही साठ्याचा आकडा बघून मग.

प्रश्न: 5जी सगळीकडे आल्यावर वाय-फायचे डबे लागणार तरी का?

उत्तर: 3जी आलं तेव्हाही लोकांनी हेच विचारलं होतं. इमारतीच्या आत भिंतीतून सिग्नल जाताना अर्धमेला होतो, आणि गर्दीच्या जागी ऑपरेटर स्वतःच मोबाइलचा डेटा वाय-फायवर ढकलतात. 5जीवरून घरी इंटरनेट देतात त्या डब्यातही शेवटी वाय-फायच असतं. फक्त तो डबा ऑपरेटर लाखांच्या संख्येने ठोक भावात घेतो, आणि असलं गिऱ्हाईक मार्जिन किती शिल्लक ठेवतं ते असे डबे बनवणाऱ्या कंपन्यांच्या निकालात दिसतंच.