बोअरचं पाणी उकळलं तर नायट्रेट, फ्लोराइड जातं का? तपासायचं कुठे?

नाही जात. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ होऊन पाणी कमी झालं की उरलेल्या पाण्यात नायट्रेट आणि फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं. तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात अजिबात कालवू नका. जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्तातून ऑक्सिजन नीट वाहून नेला जात नाही, अंग निळसर पडतं.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, त्यात सवलत नाही. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. आपल्याकडे युरिया आणि उकिरड्याचा पाझर विहिरीत नायट्रेट आणतो. फ्लोराइड खडकातून येतं, नांदेडात किनवटकडे तर जास्तच. लेकरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग ही जास्त फ्लोराइडची खूण असू शकते, ते दिसले तर पाणी तपासायला थांबू नका.

ग्रामपंचायतीत तपासणी किट असतं, पण पक्का आकडा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतूनच घ्या. नमुना घेताना मोटर थोडा वेळ चालू ठेवा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. साध्या कँडल फिल्टरने हे निघत नाही, आरओ लागतो. अहवाल वाईट आला तर ग्रामसभेत लेखी मांडा, दुसरा स्रोत मागा.