‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला बीस्ट खऱ्या माणसावरून घेतलाय का?

थेट पुरावा नाही, पण ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं तो पेत्रुस गोन्साल्वुस मात्र खरा होता. १६व्या शतकात स्पेनच्या टेनेरीफ बेटावर जन्मलेल्या पेत्रुसला हायपरट्रायकोसिस होता, म्हणजे केस अतोनात वाढण्याचा विकार; त्याच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत दाट केस. लहानपणीच त्याला फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाच्या दरबारात नेलं. तिथे तो लॅटिन शिकला, पुढे कॅथरीन नावाच्या तरुणीशी लग्न झालं. ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास किल्ल्यात त्याचं चित्र आहे, अंगावर चक्क दरबारी झगा. त्याच्या काही मुलांनाही हेच होतं आणि त्यांनाही नवलाची वस्तू म्हणून सरदारांकडे धाडलं गेलं. हे वाचून फार वाईट वाटतं. मात्र ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही फ्रेंच लेखिका व्हिलन्यूव्हची गोष्ट १७४० ची, आणि तिचा साचा दुसऱ्या शतकातल्या क्युपिड-सायकीच्या रोमन प्रेमकथेत आधीच सापडतो.