प्रागला रुडॉल्फिनम या हॉलमध्ये द्व्होर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिंफनीचा (म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेचा) कार्यक्रम आहे. पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तिकीट काढावं का? सीट कुठली घ्यावी?

काढा की! कळण्याचं म्हणाल तर आमचे साडू तबला विशारद आहेत. त्यांना तिथे काय कळलं ते सांगतो.

आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो होतो. हॉल हाच, सिंफनीही हीच. मी आपला कौतुकाने सांगतोय की चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम इथेच झाला, ४ जानेवारी १८९६ला, आणि तो खुद्द द्व्होर्झाकने कंडक्ट केला होता. साडूंचं लक्ष मात्र मागच्या ओळीतल्या झांजवाल्याकडे. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, हा आपला ढिम्म. चौथा सुरू झाल्यावर थोड्या वेळाने उठला, झांजा उचलल्या आणि एकीवर दुसरी अशी अलगद लावली की नुसतं झ्स्स झालं. पुन्हा खाली बसला.

"झालं? एवढ्यासाठी पगार?" साडू. तेही चांगल्या मोठ्याने.

अहो, अख्ख्या सिंफनीत झांजेचा आघात एकच आहे, आणि तोही दणदणीत नाही. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये बसून माणसाने विचारपूर्वक तसा लिहिलाय. ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी वाद्याला तर फक्त दुसऱ्या भागात मोजके स्वर आहेत. बाकी वेळ ते धूड घेऊन गप्प बसायचं. यावर साडूंचं ठरलेलं: "सगळं कागदावरचं. उपज कुठाय?" विलंबित एकतालात समेची वाट बघताना हेच गृहस्थ डोळे मिटून डोलतात. या बिचाऱ्या झांजवाल्याची सम अर्ध्या तासाने येते, एवढाच फरक. न चुकता, न घाबरता ती गाठणं ही कला नाही तर काय? हॉटेलवर येईपर्यंत वाद चालला होता, अजून दिवाळीला निघतो.

तुम्ही जाण्याआधी दुसरा भाग, लार्गो, यूट्यूबवर दोनदा ऐका. कोर आंग्ले या सनईच्या जातीच्या वाद्यावर येणारी ती धून ओळखीची झाली की बाकीचं आपोआप लागतं. टाळ्या चौथा भाग संपल्यावर. रस्त्यात पत्रकं वाटून चर्चमधल्या मैफलींना बोलावतात, त्या वाईट नसतात, पण पाच-सहा वादकांत ही सिंफनी होत नाही.

आणि हो, कधी कधी ट्रँगल, म्हणजे तो किणकिणणारा धातूचा त्रिकोण, वाजवणाराच झांज वाजवतो, म्हणजे त्याला तिसऱ्या भागातही काम असतं. हे मी साडूंना अजून सांगितलेलं नाही.

सीट बाल्कनीतली घ्या. खाली पुढच्या रांगांत व्हायोलिनवालेच दिसतात, झांजवाला दिसत नाही. आणि तबला वाजवणारं कुणी बरोबर येत असेल तर त्याला तुमच्यापासून चार खुर्च्या लांब बसवा.