दीड मीटर जाते, थांबते आणि थोडी मागे येते

प्रश्न : नमस्कार काका. माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला बॅटरी आणि मोटर न वापरता आपोआप चालणारी गाडी करायची आहे. अट अशी की गाडी किमान ५ मीटर गेली पाहिजे. तिने पुठ्ठ्याची गाडी केली, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं चाकं म्हणून लावली, आस म्हणून बांबूच्या काड्या घेतल्या आणि मागच्या आसाला रबर बांधून गुंडाळलं. गाडी दीड मीटर जाते, डावीकडे वळते, थांबते आणि थोडी मागे येते. दोन रबरं लावली तर चाकं जागच्या जागी फिरतात. प्रदर्शनाला बारा दिवस राहिलेत. स्टेशनजवळच्या दुकानात तयार मॉडेल मिळतं, ते आणावं का? आणि तक्त्यावर नियम कोणता लिहायचा? शेजारचे म्हणतात, न्यूटनचा तिसरा लिहा.
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, तयार मॉडेल आणू नका. लेकीची गाडी जमत आलेली आहे. ‘थोडी मागे येते’ एवढं तुम्ही लिहिलंत, म्हणून मला इथे नौपाड्यात बसून तिचं दुखणं कळलं. तिने रबर आसाला गाठ मारून बांधलंय. रबर पूर्ण उलगडलं तरी गाठ सुटत नाही. गाडी वेगात असते, आस फिरतच राहतो आणि तेच रबर उलट्या बाजूने गुंडाळायला लागतं. इतका वेळ गाडीला पुढे नेणारं रबर आता तिला आवळून धरतं आणि शेवटी मागे ओढतं.

गाठ सोडा. टूथपिकचा छोटा तुकडा आसावर खुंटीसारखा चिकटवा. रबराच्या टोकाला दोऱ्याचा फास करा आणि तो खुंटीत नुसता अडकवा. गुंडाळताना फास धरून राहतो, उलगडून झाला की आपोआप निसटतो. तिथून पुढे गाडी मोकळी धावते.

आता दीड मीटरच का, ते बघू. हा हिशेब लेकीकडून वहीत करून घ्या, तक्त्यावर हाच सगळ्यांत मोलाचा भाग ठरेल. बांबूची काडी साधारण ३ मिलिमीटर जाड असते, म्हणजे तिचा घेर सुमारे ९.४ मिलिमीटर. रबर १५ सेंटिमीटर ताणलं जात असेल तर काडीवर त्याचे जेमतेम १६ वेढे बसतात. झाकण ३ सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर एका फेरीत गाडी ९.४ सेंटिमीटर जाते. १६ फेऱ्यांचे झाले दीड मीटर. म्हणजे गाडी हिशेबाप्रमाणेच चालली आहे, तिचं काही चुकलेलं नाही!

म्हणून मागची चाकं मोठी करा. घरात जुन्या सीडी पडलेल्या असतीलच. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, घेर ३७.७. तेच १६ वेढे, पण हिशेबाने अंतर ६ मीटर, आणि फास सुटल्यावर गाडी घरंगळेल ते वेगळं. झाकणं मात्र टाकू नका. सीडीच्या मधलं भोक १५ मिलिमीटरचं असतं, त्यात काडी डुगडुगते. झाकण त्यावर मधोमध चिकटवायचं आणि काडी झाकणातून न्यायची.

झाकणाचा मध्य नजरेने काढू नका. झाकण कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढा, तो कापा, दोनदा अर्धा दुमडा. घड्या एकमेकींना छेदतात तिथे मध्य. तो गोल झाकणावर ठेवून टोचा. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं टर्नर होतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं की चाक लंगडतं, हे मी डोळे मिटून, हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून सांगू शकतो. तुमची लेकही आठवड्यात सांगायला लागेल.

लेथवर मला शिकवणारे उस्ताद मशीन चालू करण्याआधी स्पिंडल, म्हणजे त्याचा फिरणारा मुख्य दांडा, हाताने फिरवून बघायला लावत. तेच इथे करा. रबर काढून ठेवा. फळीच्या एका टोकाखाली दोन पाठ्यपुस्तकं ठेवून गाडी नुसती सोडा. ती अडखळत उतरत असेल तर कितीही रबरं लावा, उपयोग नाही. जोर वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. पण जोर आधी कुठे वाया जातोय ते शोधायला हवं. बहुतेक वेळा तो स्ट्रॉमध्ये जातो. काडी ज्या स्ट्रॉमधून फिरते ती ग्लू गनने चिकटवली असेल तर गरम गोंदाने स्ट्रॉ आत दबते आणि काडीला पकडते. स्ट्रॉ दुहेरी चिकटपट्टीने लावा. काडी पॉलिश पेपरने घासून घ्या. चाक स्ट्रॉला घासू नये म्हणून मध्ये दोन मण्यांची जागा ठेवा. मग चाक बोटाने फिरवून सोडा आणि किती सेकंद फिरतं ते रोज लिहा.

डावीकडे वळण्याचं कारण पट्टीने सापडेल. पुढचा आस आणि मागचा आस यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डावीकडे ते थोडं कमी भरेल. गाडी नेहमी त्या बाजूला वळते जिकडे आस जवळ आलेले असतात. पुठ्ठा हेही त्यामागचं एक कारण असू शकतं, खाडीकाठच्या दमट हवेत तो वाकतो. फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचे, म्हणजे हलक्या पण ताठ फोमच्या पाटीचे, उरलेले तुकडे असतात, विचारून एक घ्या.

चाकं जागच्या जागी फिरतात कारण झाकणाचं प्लॅस्टिक फरशीवर पकड घेत नाही. फुग्याचा मधला भाग कापून त्याचं कडं सीडीच्या कडेवर ताणून बसवा. आणि एकच रबर ठेवा. एवढं करून गाडी सुरूच होत नसेल तर आसावर, वेढे बसतात तिथे, कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्या. आस जाड झाला की ओढ वाढते, पण वेढे कमी बसतात आणि अंतर घटतं. किती थरांना गाडी सुटते आणि तरीही ५ मीटर गाठते, ते तिनेच करून बघावं. घराखालच्या पार्किंगमध्ये खडूने दर अर्ध्या मीटरवर खूण करा. बारा दिवसांतले सहा दिवस मी यालाच देईन. हीच खरी मजा आहे, ती दुकानातून आणता येत नाही.

तक्त्याबद्दल. शेजारी चुकीचं सांगत नाहीत. चाक फरशीला मागे ढकलतं, फरशी चाकाला पुढे ढकलते, हा तिसराच नियम. पण या गाडीची खरी गोष्ट ऊर्जेची आहे. ताणलेल्या रबरात स्थितिज ऊर्जा साठते, सुटताना तिची गतिज ऊर्जा होते, आणि बाकीची घर्षणात उष्णता होऊन जाते. परीक्षकांसमोर एक गोष्ट करून दाखवायला सांगा : जाड रबर झटकन ताणायचं आणि ओठाला लावायचं. कोमट लागतं. आणि रबर रात्रभर गुंडाळून ठेवू नका, ते ढिलं पडतं. गाडी सोडण्याआधी दोन मिनिटं गुंडाळा.

प्रश्न : मुलाच्या सौर गाडीची छोटी मोटर बाल्कनीत छान फिरते, शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली ढिम्म. पॅनेल खराब झालं का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : पॅनेल चांगलं आहे. भर उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स असतो, ट्यूबलाइटच्या वर्गात साधारण ३०० ते ५००. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, म्हणून हॉल आपल्याला लख्ख वाटतो. पॅनेलला मात्र तिथे जवळजवळ काळोखच असतो. आणखी पॅनेल जोडून हा फरक भरून निघणार नाही. शिक्षकांना विचारून टेबल खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात घ्या, आणि तिथे किती वाजता ऊन येतं ते आदल्या दिवशी मुलाला घेऊन बघून या.