वाचकांचे प्रश्न : निरीक्षणगृहातल्या मुलाचे मानसिक उपचार

प्रश्न : सोळा वर्षांचा भाचा चोरीच्या प्रकरणात निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथे) आहे. वर्षभर चालू असलेली मानसोपचाराची औषधे आता बंद पडली आहेत. जामिनाला विरोध करताना ‘उपचार तिथेच होतील’ असे सांगितले गेले. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १२ नुसार जामीन नाकारायला तीनच कारणे चालतात : सुटल्यावर ज्ञात गुन्हेगारांची संगत लागण्याची शक्यता, मुलाला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका, किंवा न्यायाचा हेतूच विफल होणे. कारण लेखी नोंदवावे लागते. आजारपण यांत नाही, पण ‘मानसिक धोका’ या शब्दांत ते बसवले जाते. म्हणून अर्जालाच घरच्या उपचारांचा आराखडा जोडा : डॉक्टर कोण, तपासणी कधी, गोळ्या कोण देणार. मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांनाही हे द्या. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत यायचा असतो.

औषधांसाठी मात्र तारखेची वाट पाहू नका. काही गोळ्या एकदम तोडल्या की झोप उडते, चिडचिड वाढते. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने फिट आवरलेली असेल तर ती पुन्हा येऊ शकते. मग तीच चिडचिड ‘बेशिस्त’ म्हणून नोंदली जाते. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना आजच अर्ज द्या : औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, शेवटची गोळी कधी घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा, पोच घ्या, एक प्रत बाल न्याय मंडळाला, म्हणजे मुलाचे प्रकरण चालवणाऱ्या मंडळाला, द्या. पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न झाला असेल तर तो पहिल्याच ओळीत लिहा. बदनामीच्या भीतीने घरचे नेमके हेच लपवतात, आणि बंदिस्त जागेतले सुरुवातीचे दिवस फार जोखमीचे असतात.

प्रश्न : मंडळ त्याला मनोरुग्णालयात हलवू शकते का? किती दिवस?

उत्तर : बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९३ खाली हलवू शकते. त्या कलमात मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ चा उल्लेख आहे. त्याच्या जागी आता मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आहे, म्हणून त्याचे कलम ८७ पाळावे लागते. दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे. त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. प्रौढ रुग्णांपासून वेगळी जागा हवी. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत राहिलीच पाहिजे. अडते ते इथेच : मूल ताब्यात आहे म्हणून घरच्यांना बाहेर ठेवतात आणि पोलीस बसवतात. पोलिसाचा पहारा ही सोबत नव्हे. सोबतीच्या माणसाचे नाव आदेशातच घालून घ्या.

दाखल केल्याचे ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (हे २०१७ च्या कायद्याखालचे वेगळे मंडळ) कळवावे लागते. मुक्काम तीस दिवसांपुढे गेला तर तसे या मंडळाला कळवल्यापासून सात दिवसांत आणि नंतर दर तीस दिवसांनी आढावा होतो. डिस्चार्जचे कागद मिळताच जामिनाचा अर्ज पुन्हा करा.

प्रश्न : मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. तिलाही हेच लागू?

उत्तर : नाही. २०१७ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळली आहे. वेगळा मानसिक आजार नसेल तर मनोरुग्णालय ही तिची जागा नव्हे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडून तिला घरी किंवा बाल न्याय मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेत ठेवण्याची मागणी करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.