घाबरलेल्या रुग्णाविषयी, नव्या दंतवैद्याला

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दवाखान्यात येणारे काही रुग्ण तपासणी करून घेतात, पुढची वेळ ठरवून जातात आणि परत येतच नाहीत, असे तू कळवले आहेस आणि अशा रुग्णांना समजवावे कसे, असे विचारले आहेस. माझे मत असे आहे की दंतवैद्याची भीती समजावण्याने फारशी जात नाही. खुर्चीवर बसल्यावर दुखले नाही, आणि दुखले तेव्हा हात वर करताच डॉक्टर खरोखर थांबले, असा अनुभव एकदा मिळाला की ती ओसरू लागते. म्हणून मी तुला शब्दांपेक्षा भूल देण्याविषयी आणि थांबण्याविषयीच अधिक लिहिणार आहे.

तत्पूर्वी, समोरच्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारून घे. कोणाला सुई नको असते, कोणाला दात कोरायच्या यंत्राचा, म्हणजे एअरोटरचा, आवाज सहन होत नाही, कोणाला तोंडात पाणी साचून गुदमरायला होईल असे वाटते. वरची दाढ काढली की नजर कमी होते, ही समजूत आपल्याकडे अजून घरोघरी आहे. अशा रुग्णाला हसू नकोस, दातांची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या असतात हे कागदावर चित्र काढून दाखव. वर्षानुवर्षे गुटखा खाऊन ज्याचे तोंड पुरते उघडेनासे झाले आहे, तो पुष्कळदा सुईला भीत नाही, तू आत पाहून काय सांगशील याला भितो. त्याच्याशी बोलताना घाई करू नकोस. बोलायला संकोचणाऱ्यांसाठी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तयार केलेली पाच प्रश्नांची प्रश्नावली उपयोगी पडते. तिचे गुण ५ ते २५ असतात आणि १९ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे तीव्र भीती असे मानतात.

‘अजिबात दुखणार नाही’ असे वचन कोणालाही देऊ नकोस. ते एकदा खोटे ठरले की त्यानंतरचे तुझे प्रत्येक वाक्य रुग्ण संशयानेच ऐकतो. त्याऐवजी जे होणार आहे तेच सांग: आधी टोचल्याचे कळेल, मग ओठ जड वाटेल, दाढ काढताना दाब जाणवेल, दाबाऐवजी दुखू लागले तर डावा हात वर करा, मी थांबेन. ही खूण काम सुरू होण्यापूर्वीच एकदा करून पाहायला लाव आणि त्या वेळीही हातातले उपकरण खरोखर बाजूला घे. आपण थांबवू शकतो हे ज्याला कळले, तो बहुतेक वेळा थांबवत नाही.

आता भूल. हिरडी कापसाने कोरडी करून त्यावर बधिर करणारी जेल लाव आणि ती एक-दोन मिनिटे तिथे राहू दे. ओल्या हिरडीवर लावून लगेच सुई घातली तर जेलचा काही उपयोग होत नाही. औषध मिनिटाला एक मिलिलीटर या गतीने सोड, कारण सुईपेक्षा घाईने ढकललेले औषध जास्त दुखते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाबरोबर अ‍ॅड्रेनालिन असेल तर काही क्षण छाती धडधडू शकते, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर आपल्याला काहीतरी होत आहे असे वाटून माणूस आणखी घाबरतो. खालच्या दाढेत तीव्र दाह असेल तेव्हा तर फार सावध राहा. ओठ पूर्ण बधिर होतो, तरी दाढेतली नस बधिर झालेली नसते. दाह झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भूल नीट उतरत नाही, शिवाय दुखावलेली नस स्वतःच अधिक हळवी झालेली असते. म्हणून रूट कॅनॉल सुरू करण्यापूर्वी दाढ खरोखर बधिर झाली आहे का, ते थंड फवाऱ्याने तपास. तरीही रुग्ण दुखते म्हणाला तर दुखते आहे असेच धर. दाढेच्या मुळाशी पूरक भूल दे आणि तेवढ्यानेही भागले नाही तर काम पुढे ढकल. मोठेपणी खुर्चीकडे पाहूनच घाम फुटणाऱ्या रुग्णांना मागचे विचारले, तर ‘भूल दिली आहे, दुखायचे कारणच नाही’ हे कोणा डॉक्टरचे वाक्य वारंवार ऐकायला मिळते.

यानेही जमत नाही असे थोडे रुग्ण उरतात. त्यांच्यासाठी नायट्रस ऑक्साइड हा हुंगायला देऊन भीती आणि वेदना कमी करणारा वायू आहे. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने तोच वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली होती, आणि वेदनाशमनाच्या या इतिहासात आपल्या व्यवसायाचा वाटा मोठा आहे, याचा मला अभिमान वाटतो. मात्र रीतसर प्रशिक्षण आणि योग्य यंत्र असल्याशिवाय तू तो वापरू नयेस. तोपर्यंत अशा रुग्णाला सोय असलेल्या दंत महाविद्यालयाकडे पाठव.

घाबरणाऱ्याला सकाळची पहिली वेळ दे, म्हणजे बाहेर बसून आतले आवाज ऐकावे लागणार नाहीत. खाऊन यायला सांग. उपवासाच्या दिवशी दाढ काढायला आलेली व्यक्ती घेरी येऊन पडण्याची शक्यता अधिक असते. दोन-चार वर्षे दुखणे अंगावर काढून सुजलेल्या गालाने आलेल्याला ‘इतके दिवस काय करत होता?’ असे विचारू नकोस. ते त्याला घरच्यांनी विचारून झालेले असते, आणि तो आलेला आहे. त्याची वेदना आधी थांबव, बाकीच्या दातांची यादी पुढच्या भेटीत सांग.

लहान मुलांच्या बाबतीत प्रत्येक वस्तू आधी सांगावी, मग दाखवावी, मग वापरावी, हे तू शिकलेलेच आहेस. त्यात एवढेच मिळव की ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ असे म्हणणाऱ्या पालकांना बाजूला घेऊन शांतपणे थांबव.

आणि प्रत्येक भेटीनंतर, कोणत्या दाढेवर काय केले याच्या शेजारीच, त्या माणसाला काय जमले, काय नाही तेही केसपेपरवर लिहून ठेव: आरसा दाखवलेला आवडत नाही, मध्ये दोनदा चूळ भरू द्यावी, खुर्ची पूर्ण आडवी करू नये. पुढच्या खेपेला त्याने ते पुन्हा सांगण्याआधी तू तसे केलेले असावे.

तुझा हितचिंतक